गोगलगाय आणि समुद्र न पाहिलेलं प्रवाळ

एका समुद्रात एक गोगलगाय राहत असे. आता तुम्ही म्हणाल, गोष्टी जंगलात घडतात, तुम्ही एकदम समुद्रात कुठे शिरलात? तर बाळांनो, जंगलातल्या कोल्ह्याकावळ्यांच्या गोष्टी सांगून सांगून माझी जीभ झिजली. शिवाय हा समुद्र काही फार मोठा नव्हता. चार फूट लांब, दोन फूट उंच, आणि चारही बाजूंनी काच. इचलकरंजीत यतीन शेवडे नावाचे चष्म्यांचे दुकानदार होते, त्यांच्या दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, हा समुद्र मांडलेला होता. पाणी मात्र अस्सल खारट. तळाला पांढरी वाळू, मध्ये दगडांची छोटी टेकडी, वर निळसर दिवा आणि कोपऱ्यात एक पंप. तो दिवसभर घुर्र घुर्र करत लाटांचं काम करी.

गोगलगाय मूळची तिथली नव्हे. ती कोकणातल्या एका खडकाळ किनाऱ्यावरची. शेवडे मंडळी सुट्टीत तिकडे गेली होती. टाकीत शेवाळ खाणारी गोगलगाय ठेवली की काच घासायची कटकट संपते, असं यतीनरावांना कुणीतरी सांगितलं होतं. झालं. ओहोटीच्या वेळी खडकावर ही दिसली, त्यांनी उचलली, आणि बाई बरणीत बसून घाट चढून आल्या. सामान म्हणाल तर काहीच नाही. फक्त शंखाच्या टोकापाशी नखाएवढं हिरवं शेवाळ चिकटून आलं होतं, आणि तेही तिला माहीत नव्हतं.

काम ती चोख करी. काचेवर तपकिरी थर धरला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टे काढल्यासारखी साफ करत जाई. पण दिवसातून दोन वेळा तिचं काहीतरी बिनसे. तिच्या किनाऱ्यावर ओहोटी लागायची वेळ झाली की ती हातातलं काम टाकून काचेवरून वर वर चढायची आणि पाण्याच्या अगदी काठाशी जाऊन थांबायची. आता पाणी उतरेल. आता पाठीला वारा लागेल. पाणी जागचं हलत नसे. ती वाट पाहून पाहून थकायची आणि खाली यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा काय झालं, शेवडे मंडळी लग्नाला साताऱ्याला गेली ती चार दिवस आलीच नाहीत. उन्हाळ्याचे दिवस. पाण्याची वाफ होऊन टाकी दोन बोटं खाली गेली. गोगलगाय नेहमीसारखी वर चढली, आणि तिच्या तोंडाला हवा लागली. तिला इतका आनंद झाला की तिला आधी खरंच वाटेना. "ओहोटी आली," ती खाली ओरडून म्हणाली, "अरे, ओहोटी आली." दिवसभर ती तशीच अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर बसून राहिली. संध्याकाळी यतीनराव आले, "अरे बापरे, पाणी किती उतरलंय" म्हणाले, आणि बोअरच्या नळाची बादली भरून त्यांनी ती टाकीत ओतली. पाणी वर आलं. पण ते अगदी अळणी होतं, त्याला ना मासळीचा वास, ना फेस. भरती अशी नसते, हे तिच्या लगेच लक्षात आलं. ती दगडामागे जाऊन बसली ती दोन दिवस बाहेर आली नाही.

"गोगलबाई, तुम्ही म्हणजे धन्य आहात," शेजारून आवाज आला. हा खेकडा. छोटासा, दुसऱ्या कुणाच्या तरी रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा. आजवर सात शंख बदलले होते त्याने, आणि सोडलेल्या एकाही शंखाकडे त्याने वळून पाहिलं नव्हतं. "घर काय, शंख काय, अंगाला बसलं म्हणजे झालं. इथे दोन वेळचं खायला मिळतंय, मोठा मासा मागे लागत नाही. आणखी काय हवं?"

"तुम्हाला नाही कळायचं, खेकडेबुवा," ती म्हणाली.

"नाही कळलं तेच बरं आहे," खेकडा म्हणाला आणि वाळूत सांडलेला दाणा शोधायला निघून गेला.

ज्याला कळायला हवं होतं, किंवा निदान कळून घ्यायची हौस होती, असा एकच जीव त्या टाकीत होता. टेकडीच्या उजव्या अंगाला एका दगडावर प्रवाळ होतं. जांभळ्या चटईसारखं पसरलेलं अंग आणि त्यावर बारीक बारीक हिरव्या चांदण्या. बरं वाटलं की चांदण्या उघडायच्या, काही खुपलं की मिटायच्या. कोल्हापूरच्या नजमा मुजावर यांनी आपल्या टाकीतल्या प्रवाळाचा तुकडा कापून शेवड्यांना दिला होता. नजमाताईंचं प्रवाळही असंच कुणाच्या तरी टाकीतून तुकडा होऊन आलेलं. म्हणजे पाहा, अंगात रक्त समुद्राचं, आणि समुद्र पाहिलेला कुणी नाही.

"ताई," प्रवाळाने एकदा विचारलं, "तू रोज वर जाऊन काय पाहतेस?"

"ओहोटीची वाट."

"ओहोटी म्हणजे?"

गोगलगाईला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ती प्रवाळाच्या दगडाला टेकून बसली. "समुद्र असतो ना, तो दिवसातून दोनदा उठून निघून जातो," ती सांगू लागली. "तो गेला की खडक उघडे पडतात. डबक्यांमधून थोडं पाणी राहतं, ते उन्हाने कोमट होतं. खडकावरचं शेवाळ आडवं पडतं. मग बायका येतात, कासोटा मारून, हातात कोयती घेऊन, कालवं फोडायला. ठक् ठक्, ठक् ठक्. फोडता फोडता त्या आपापल्या जावयांची उणीदुणी काढत असतात. मी फटीत बसून सगळं ऐकत असे."

"आणि मग?"

"मग लांबवर एक पांढरी रेघ दिसते."

"कशाची रेघ?"

"समुद्र परत यायला निघालेला असतो."

प्रवाळाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चांदण्या उघडल्या. "ताई, तुझं नशीब मोठं," ते म्हणालं. "तुला आठवायला तरी आहे. मला तेही नाही. उद्या पुढचं सांगशील?"

"सांगेन की," गोगलगाय म्हणाली. आणि ती रोज सांगू लागली. सकाळी दिवा लागला की आधी काच, मग गोष्ट. सांगताना तिचा जीव हलका होत असे. वर काठाशी जायची वेळ कधी कधी टळून जाई आणि तिच्या ध्यानातही येत नसे.

असे दिवस बरे चालले होते. पण एका सकाळी प्रवाळाच्या दगडाजवळून जाताना गोगलगाय थबकली. दगडाच्या खाचेत हिरवे तंतू उगवले होते. बोटाच्या पेराएवढे, मऊ, बारीक. पंपाची लाट आली की ते एका अंगाला झुकत, लाट गेली की दुसऱ्या अंगाला. तिने ते ओळखले. ती तिथून रोज घासून जात असे ना, तेव्हा तिच्याच पाठीवरचं शेवाळ त्या खाचेत उतरलं होतं आणि तिथे त्याने मूळ धरलं होतं. हे तिच्या खडकावरचं शेवाळ होतं. याच्या आडोशाला ती लहानाची मोठी झाली होती. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्या झुलण्याकडे पाहत राहिली. कितीतरी दिवसांनी तिला घरी असल्यासारखं वाटलं.

"चला, न्याहारीची सोय झाली," खेकडा म्हणाला.

"त्याला हात लावायचा नाही," गोगलगाय म्हणाली. तिचा आवाज इतका करडा होता की खेकड्याने पुढे केलेला पाय मागे घेतला.

आता इथे शेवड्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या घरात पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग पोहे, आणि निघताना त्याच्या हातून माशांना चिमूटभर दाणे. पाहुण्याने दाणे टाकल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही. "टाका टाका, तुमच्या हातचं खाऊ द्या त्यांना," मृदुलावहिनी म्हणायच्या. आणि अशा दिलदार घरात पाहुण्यांना काय तोटा? गॅसवाला आला तरी तो दाणे टाकून जाई. टाकीतले मासे दोन, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि दोघांचं पोट मिळून वाटाण्याएवढं. उरलेलं सगळं वाळूत पडून कुजायचं. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून दिवा रात्रीपर्यंत चालू. पाणी कमी झालं की बोअरची बादली. कुजलेलं अन्न, चौदा तास उजेड आणि ते बोअरचं पाणी, म्हणजे शेवाळाला रोजचं पक्वान्नाचं ताट. सगळं प्रेमानेच चाललं होतं हो, पण शेवाळाला त्याच्याशी काय घेणं?

ते वाढलं. पेराचं बोट झालं, बोटाची वीत झाली. खाचेतून दगडावर आलं, दगडावरून टेकडीवर चढलं. पूर्ण टाकीत ते एकच एक हिरवं झुलू लागलं. काचेवरचा तपकिरी थर गोगलगाय अजूनही खात असे, पण हिरव्या शेवाळाला तिने तोंड लावलं नाही. उलट दिवसचे दिवस ती त्याच्यात शिरून बसायची. तंतू पाठीवरून फिरले की डोळे मिटायची. मिटल्या डोळ्यांना तिचा खडक दिसे, डबकं दिसे. काठाशी जाऊन वाट पाहणंही तिने सोडलं. आता वाट पाहायची तरी कशाची, सगळं इथेच तर आलं होतं.

"ताई," प्रवाळ म्हणालं, "दोन दिवस झाले, गोष्ट नाही सांगितलीस."

"उद्या सांगते," शेवाळातून आवाज आला.

उद्या आली आणि गेली. "ताई, ती रेघ जवळ येते तेव्हा तिचा आवाज कसा येतो?"

"सांगते रे, सांगते. आत्ता नको." ती जरा त्रासूनच बोलली. आठवणीच्या कुशीत शिरलेल्या माणसाला हाक मारलेली आवडत नाही, तसंच गोगलगाईचं. पुढे प्रवाळाने विचारणं बंद केलं. त्याचा आवाज येईना, याचाही तिला पत्ता नव्हता.

खेकड्याला मात्र पत्ता होता. एक दिवस तो शेवाळ बाजूला सारत सारत तिच्यापाशी आला. "गोगलबाई, मी एरवी दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. पण तुमचं हे रान आता शेजाऱ्याच्या दारात गेलंय. पोराच्या अर्ध्या चांदण्या झाकल्या गेल्या."

"थोडंफार झाकलं तर काय बिघडतं? किनाऱ्यावर सगळ्यांच्याच अंगावर शेवाळ असतं."

"किनाऱ्यावर दोनदा ऊन लागतं, लाटांचा मार बसतो, हजार तोंडं खायला असतात. इथे खाणारं तोंड एकच, आणि ते उपोषणाला बसलंय."

"एवढंच तर आहे हो माझं," गोगलगाय म्हणाली. "तुम्हाला सगळे शंख सारखे. मला एकच खडक होता. तेवढा राहू द्या." खेकडा दोन पाय उचलून काही बोलणार होता, पण तिच्याकडे पाहून तो आल्या वाटेने निघून गेला.

बुधवारी नजमाताई काही कामाने इचलकरंजीला आल्या होत्या, त्या शेवड्यांकडे डोकावल्या. टाकीकडे पाहून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"यतीनभाऊ, हे काय करून ठेवलंत?"

"अहो, काय सांगू. रोज उपटतो, रोज उगवतं. बाजारात औषध मिळतं म्हणे, ते ओतू का?"

"काही ओतू नका. शेवाळ तुम्हीच पोसताय. दाणे दिवसातून एकदा, एकानेच टाकायचे. दिवा आठ तास. बोअरचं पाणी बंद, गाळून शुद्ध केलेलंच घाला. आणि हाताने उपटा, टूथब्रशने घासा."

"पाहुण्यांना काय सांगू मग?" मृदुलावहिनींना खरा प्रश्न हा पडला होता.

"पाहुण्यांना लाडू द्या, वहिनी. माशांचं पोट सोडा." मग नजमाताई वाकल्या आणि काचेतून उजवीकडच्या दगडाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "माझं प्रवाळ कुठेय?"

यतीनरावांनी खाली मान घालून बोट दाखवलं. तिथे नुसतं हिरवं रान होतं.

"इथे ब्रश लावू नका, साल निघेल त्याची. मुळात जिवंत असेल असं वाटत नाही," नजमाताई म्हणाल्या. "मेलेलं प्रवाळ टाकीत सडलं तर पाणी नासेल, मग मासेही जातील. मी रविवारी येते. तोवर एकही चांदणी उघडलेली दिसली नाही, तर दगडासकट काढून टाकू."

काचेला कान लावून बसलेल्या खेकड्याने हे सगळं ऐकलं आणि जमेल तेवढ्या वेगाने तो गोगलगाईकडे गेला. आजवर त्याला कुणी धावताना पाहिलं नव्हतं. त्याने एका दमात तिला सांगून टाकलं, रविवार, दगडासकट, सगळं. ऐकता ऐकताच गोगलगाय शेवाळातून बाहेर आली. मग ती वळली आणि प्रवाळाच्या दगडाकडे निघाली.

वाट तिला रोजची होती, पण आज ती सापडेना. सगळीकडे तेच ते तंतू. तिने त्यांच्यात वाट काढली, आणखी आत शिरली, तिथे काळोख होता. पायाखाली प्रवाळाचं अंग लागलं, ते थंड आणि बुळबुळीत होतं. एकही चांदणी उघडी नव्हती.

"अरे," ती म्हणाली, "मी आलेय. ऐकतोस ना?"

चांदण्या मिटलेल्याच. तिला भीती वाटली. घरापासून तोडून बरणीत घातलं तेव्हाही इतकी वाटली नव्हती. "हे बघ, मी गोष्ट सांगते. ती रेघ जवळ येते ना, तेव्हा आधी आवाज येत नाही. आधी डबक्यातलं पाणी थरथरतं. मग..." ती सांगत राहिली. ऐकणारं कुणी आहे की नाही, हे कळत नव्हतं, आणि तसं सांगणं फार जड जातं, बाळांनो.

खूप वेळाने खालून अगदी बारीक आवाज आला.

"ताई, मला आता समुद्र दिसतोय."

"काय दिसतंय?"

"हेच. अंगावर आलंय ते. श्वास घेऊ देत नाही. तू त्याच्यात जाऊन बसायचीस, तेव्हा मला वाटलं, हाच असेल. पण ताई, समुद्र इतका काळोखी असतो, हे तू कधी सांगितलं नव्हतंस."

गोगलगाईचं काळीज फाटलं. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही, त्याला तिने समुद्र म्हणून हे दाखवलं होतं. "नाही रे बाळा," ती म्हणाली. "हा समुद्र नाही. समुद्रात खूप उजेड असतो." आणि तिने पहिला घास घेतला.

चव तीच होती. तिच्या खडकाची, कोमट डबक्याची, लहानपणची. तिला रडू आलं. रडत रडत तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. गोगलगाईचं तोंड ते केवढं, आणि समोर वीत वीत वाढलेलं रान. पण ब्रश जिथे जाऊ शकत नव्हता, तिथे तेवढंच मऊ तोंड चालणार होतं. बुधवारचा दिवस गेला, गुरुवार गेला. वरून यतीनराव टेकडीवरचं शेवाळ मुठी मुठींनी उपटत होते. दिवा आता लवकर मालवत असे. दाणेही दिवसातून एकदाच पडत. दोन्ही मासे काचेशी येऊन "आज पाहुणे नाहीत का?" असं एकमेकांना विचारत. गोगलगाय मान वर न करता खात होती. शुक्रवारी तिच्या बाजूला खुडखुड ऐकू आली. खेकडा आपल्या चिमट्यांनी तंतू तोडत होता.

"मला ही भाजी मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो," तो म्हणाला.

"मग नका खाऊ."

"कामाच्या वेळी बोलू नये, बाई," खेकडा म्हणाला आणि तोंड वाकडं करून खात राहिला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रवाळाचं अंग मोकळं झालं. आणि तेव्हा कळलं की अर्धं अंग मेलं होतं. डावीकडची जांभळी चटई पार फिकट झाली होती, तिथल्या चांदण्या आता कधीच उघडणार नव्हत्या. गोगलगाय त्या फिकट जागेवरून सावकाश फिरली. हे आपल्यामुळे झालं, असं ती मोठ्याने म्हणाली. खेकड्याने तिची समजूत घातली नाही, कारण ते खरंच होतं.

आता शेवाळ एका झुबक्यापुरतंच उरलं होतं. मूळ खाचेतलं, पहिलं. पेराएवढंच. लाट आली की झुकायचं, गेली की उठायचं.

"तेवढं राहू द्या हवं तर," खेकडा म्हणाला. टाकीत आल्यापासून पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलत होता. "तेवढ्याने काही होत नाही. मी लक्ष ठेवीन."

गोगलगाय त्या झुबक्यापाशी बसून राहिली. सुरुवातीलाही ते पेराएवढंच होतं. हे खाल्लं की तिच्या किनाऱ्यावरचं काही म्हणता काही या जगात तिच्याजवळ उरणार नव्हतं, आणि परत जायचा रस्ता तर नव्हताच. तिने त्याचा एकेक तंतू वेगळा करून, अगदी सावकाश खाल्ला. शेवटच्या तंतूची चव तोंडात असेपर्यंत ती हलली नाही. मग खाच नीट घासून साफ केली आणि प्रवाळाशेजारी जाऊन टेकली.

रविवारी सकाळी नजमाताई आल्या. बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातला आणि दगडाला बोटं लावली. दगडावर गोगलगाय बसली होती. ती हलेना. नजमाताईंनी तिला अलगद ओढून पाहिलं, पण तिने अशी घट्ट पकड धरली होती की तिच्यासकट दगडच वर येऊ लागला.

"थांबा," मृदुलावहिनी काचेला नाक लावून म्हणाल्या. "उजवीकडे बघा. खाली, अगदी कडेला."

कडेला एक हिरवी चांदणी अर्धी उघडली होती. पाहता पाहता तिच्याजवळची दुसरी उघडली. नजमाताईंनी दगड होता तसा खाली ठेवला आणि ओल्याच हाताने पदर डोळ्यांना लावला. यतीनरावांनी मोजलं, त्या दिवशी एकूण अकरा चांदण्या उघडल्या.

त्यानंतर गोगलगाय पुन्हा रोज सांगू लागली. सकाळी आधी काच, मग गोष्ट. ओढ काही गेली नाही तिची. दिवसातून दोनदा ती आजही काठाशी जाते, वाट पाहते, आणि जीव कळवळला की खाली येते. महिने गेले, दोन उन्हाळे गेले. मेलेल्या बाजूवर जांभळी कड तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकली.

आणि एका सकाळी सांगता सांगता गोगलगाय अडखळली. "भरती यायच्या आधी ना, किनाऱ्यावर... किनाऱ्यावर काय बरं..." तिने खूप ताण दिला. काही केल्या आठवेना. घर तिच्या मनातूनही पुसत चाललं होतं.

"होड्या, ताई," प्रवाळ म्हणालं. "वाळूत कलंडलेल्या होड्या आधी सरळ उभ्या राहतात. तूच तर सांगितलंस. तिसरी होडी निळी, तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळा काढलेला. ती सगळ्यात शेवटी उठते."

गोगलगाय ऐकत राहिली. मग ती दगडाला टेकून नीट बसली आणि म्हणाली, "पुढे काय होतं? सांग."

तात्पर्य काढायचंच तर ते इतकंच : मागे सुटलेल्या घराची ओढ मनात असावी, पण तिला कवटाळून बसलो तर शेजारचा जीव गुदमरतो; त्यापेक्षा तेच घर जीव लावून कुणाला तरी सांगत राहावं, म्हणजे आपण विसरलो तरी ते कुणाजवळ तरी उरतं.